मधली पायरी परत बसवा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सात निवडली आहेत. कुणी आधार कार्डाबद्दल विचारलंय, कुणी ग्रुपवरच्या भांडणाबद्दल, कुणी उडालेल्या लक्षाबद्दल. दुखणं मात्र एकाच जागी आहे. पूर्वी एखादी गोष्ट चारचौघांत जायची तर मधे पायऱ्या असत. नोटीस लिहायची, सचिवांची सही घ्यायची, मग ती फळ्यावर लागायची. फोनने या पायऱ्या काढून टाकल्या. त्यातल्या कोणत्या परत बसवायच्या आणि कशा, ते या उत्तरांमध्ये आहे.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलात कामाला येणाऱ्या बायकांच्या आणि भाडेकरूंच्या आधार कार्डांचे फोटो सुरक्षारक्षक स्वतःच्या फोनवर काढतात. मागे सीसीटीव्हीची एक क्लिप ग्रुपवर आली. रात्री साडेअकराला एक मुलगी मित्राबरोबर लिफ्टमधून वर जाते, एवढंच त्यात होतं. त्याखाली लोकांनी नको नको ते लिहिलं. मी समितीत नवीन आहे. कुठून सुरुवात करू? — समिती सदस्य, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सुरुवात रक्षकांच्या फोनपासून करा. एजन्सीचा माणूस चार-सहा महिन्यांत बदलतो आणि त्याच्याबरोबर फोनमधली शंभर आधार कार्डंही जातात. त्यात त्याची चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. समितीने लेखी ठराव करावा : स्वतःच्या फोनवर कुणाच्याही ओळखपत्राचा फोटो काढायचा नाही, आधी काढलेले रक्षकाने समितीच्या दोन सदस्यांसमोर पुसायचे. पुसताना गॅलरीतला 'ट्रॅश' आणि गुगल फोटोजमधला 'बिन' दोन्ही रिकामे करा. नाहीतर फोटो पुढे महिना-दोन महिने तिथेच असतात.

गेटवर ओळख पटवायला आधारच हवं असं काही नाही. मतदार ओळखपत्र चालतं, वाहन परवाना चालतो. कार्ड बघायचं, नोंदवहीत नाव, कोणत्या घरी काम आणि फोन नंबर लिहायचा, कार्ड लगेच परत द्यायचं. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलिसांना द्यायची असते. त्या कागदांची प्रत सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याचं काहीच कारण नाही.

कुणी आधारचीच प्रत देणार असेल तर 'मास्क्ड आधार' मागा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. माय-आधार पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जायचं, 'डाउनलोड आधार'मध्ये मास्क्डच्या चौकटीवर खूण करायची, पीडीएफ उतरते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या इंग्रजी लिपीत आणि पुढे जन्मसाल. म्हणजे नाव आणि वय ज्याला माहीत, त्याला तो उघडता येतो. म्हणून पासवर्ड आहे या भरवशावर पूर्ण आधारची पीडीएफ कुणालाही पाठवू नका. घरकामाच्या बाईंचा मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपीच येणार नाही. अशा वेळी छापील प्रतीवर पहिले आठ आकडे काळ्या पेनाने खोडा आणि आडवं लिहा : 'फक्त अमुक सोसायटीच्या नोंदीसाठी', खाली तारीख. मजकूर फोटोवरून जाईल असा लिहा. कोपऱ्यात लिहिलेला कापून टाकता येतो.

आता क्लिपबद्दल. त्या मुलीने काहीही चुकीचं केलेलं नाही. ती स्वतःच्या घरी आली. चूक क्लिप बाहेर काढणाऱ्याची आणि ती फिरू देणाऱ्यांची आहे, आणि समितीने हे ग्रुपवर याच शब्दांत लिहायला हवं. माफी तिच्या घरी जाऊन मागावी, ग्रुपवर नको, कारण तिथे मागितली तर विषय पुन्हा उकरला जाईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं आहे. लिफ्टमधला कॅमेरा चोरी-मारामारीसाठी बसवलेला असतो. कोण किती वाजता कुणाबरोबर आलं हे बघण्यासाठी तो नाही.

कॅमेऱ्यांची व्यवस्था बसवताना इतकं तरी पाहा. रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाय का? बहुतेक ठिकाणी बसवणाऱ्याने तो तसाच ठेवलेला असतो, आणि त्याच्या फोनवर तुमचे कॅमेरे अजूनही दिसत असतात. त्याचं खातं काढा. लॉगिन दोघांकडेच ठेवा, दोघांची वेगवेगळी, म्हणजे कुणी काय पाहिलं याची नोंद राहते. कॅमेरा कुणाच्या दाराच्या आत किंवा खिडकीत डोकावत असेल तर तो वळवा किंवा मेनूतल्या 'प्रायव्हसी मास्क'ने तेवढा भाग काळा करा.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील याचं गणित सोपं आहे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला १ मेगाबिट धरलं तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांना १७३ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे २३ दिवस बसतात आणि मग जुनं आपोआप पुसलं जातं. एवढं पुरेसं आहे. सहा महिन्यांचं साठवण्याची हौस नको, जे नसतं ते फुटत नाही.

क्लिप कुणाला द्यायची? लेखी पत्र घेऊन आलेल्या पोलिसांना. तीही फोनने स्क्रीनचा व्हिडिओ काढून नव्हे, रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर. तिच्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली क्लिप दाबून लहान झालेली असते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणजे ग्रुपवर टाकलेली क्लिप पुरावा म्हणूनही कमजोरच.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये, एक्सेलच्या फाइलमध्ये काय काय साठलंय याची यादी आत्ताच करून ठेवा. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूच्या गाडीचा नंबर आणि त्याच्या आईचा फोटो अजून कशासाठी ठेवलाय, याला उत्तर नसेल तर तो पुसून टाका.

प्रश्न : 'चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठव ना' असा मैत्रिणीचा मेसेज आला. मी पाठवला आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. माझ्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जात आहेत. — शिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचं खातं आधीच गेलं होतं, तो मेसेज तिने पाठवलेला नव्हता. तुमचं सिम तुमच्याच फोनमध्ये आहे, त्यामुळे खातं परत मिळतं.

व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका, आपला नंबर द्या, एसएमएसने येणारा सहा आकडी कोड टाका. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. मात्र त्याने मधल्या वेळात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावला असेल तर तुम्ही कधी न लावलेला पिन तुमच्याकडे मागितला जाईल. घाबरू नका. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण एसएमएसचा कोड टाकलात की चोराचा प्रवेश तेव्हाच तुटलेला असतो. कोड मागून मागून 'इतके तास थांबा' असं आलं तर थांबाच. पुन्हा पुन्हा दाबल्याने ती वेळ वाढते.

तोवर नातेवाइकांना साध्या फोनने कळवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कुटुंबाच्या आणि शाळेच्या ग्रुपवर लिहायला सांगा. कुणी पैसे पाठवले असतील तर त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. हाताशी यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ ठेवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून काढले जातात. ते निघण्यापूर्वी फोन गेला तरच अडवता येतात, म्हणून 'उद्या पोलीस चौकीत जाऊ' असं करू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोचक्रमांक जपा.

खातं परत आलं की सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. व्हॉट्सअ‍ॅप एका फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर चालू शकतं. ओळखीचं नसेल ते सगळं लॉग आउट करा. मग 'अकाउंट'मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आणि ईमेल लावा. जन्मतारीख पिन म्हणून नको. आणि ही एक पायरी घरातल्या सगळ्या फोनवर आजच लावा, विशेषतः आजी-आजोबांच्या.

प्रश्न : ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्स-हार्बर लोकलने जातो. गाडीत रील्स, ऑफिसात दर दोन मिनिटांनी फोन, रात्री एक वाजेपर्यंत पुन्हा तेच. एक पान वाचून होत नाही. इच्छाशक्ती कमी पडते का? — वय ३४, कळवा

उत्तर : इच्छाशक्तीचा यात फार थोडा वाटा आहे. स्वतःला दोष देणं आधी थांबवा. अ‍ॅपला तळच ठेवलेला नाही. पुस्तकाचं पान संपतं, पेपर संपतो, तिथे मन क्षणभर विचारतं, 'पुढे?' रीलमध्ये हा प्रश्न विचारायची जागाच काढून टाकली आहे. शिवाय प्रत्येक पाचवी-सातवी रील खरंच आवडते, पण कोणती ते आधी कळत नाही. अनिश्चित बक्षीस माणसाला सर्वांत जास्त वेळ धरून ठेवतं.

ऑफिसातल्या दोन मिनिटांचंही कारण आहे. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी मनाचा एक तुकडा आधीच्या कामात अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे मेसेज दहा सेकंदांत वाचून झाला तरी त्याची किंमत दहा सेकंद नसते. ग्लोरिया मार्क या संशोधिकेच्या मोजणीत, २००४ च्या सुमारास एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकणारं लक्ष पुढच्या वर्षांत ४७ सेकंदांवर आलं. तुम्ही एकटे नाही.

करायचं काय? एकदम फोन सोडायचा निश्चय करू नका, तो गुरुवारपर्यंत मोडतो. पहिल्या आठवड्यात फक्त नोटिफिकेशन्स बघा. ज्यामागे खरा माणूस आहे आणि ज्याला तासाभरात उत्तर हवं, तेवढ्यांचाच आवाज ठेवा : फोन, घरचे, ऑफिसचा एक ग्रुप, बँक. बाकी नोटिफिकेशन आलं की ते दाबून धरा, 'सायलेंट' किंवा 'टर्न ऑफ' निवडा. आठवडाभर येईल तसं एकेक करत गेलात तर काही राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप 'ऑलवेज' म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, आणि चॅट्सच्या सेटिंगमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर पहिल्याच 'शुभ सकाळ'ला ग्रुप वर येतो.

दुसऱ्या आठवड्यात यूट्यूब. सेटिंग्जमधल्या 'मॅनेज ऑल हिस्टरी'त जाऊन वॉच हिस्टरी बंद करा आणि आधीची पुसून टाका. दोन्ही केलं की मुखपृष्ठावर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं आणि मोकळी पाटी दिसते. जे हवं ते शोधून पाहायचं. नुसतं बंद केलं आणि जुनं तसंच ठेवलं तर सुचवण्या येत राहतात. इथेच बहुतेकांचं फसतं.

इन्स्टाग्रामवर अँड्रॉइडच्या 'डिजिटल वेलबीइंग'मधून वेळमर्यादा लावता येते, पण ती हटवायलाही दोनच बोटं लागतात. त्याऐवजी अ‍ॅप काढा आणि ब्राउझरमधून वापरा, दर वेळी लॉग आउट करून. पासवर्ड फोनमध्ये साठवू नका, घरी वहीत लिहून ठेवा. गाडीत हात आपोआप खिशाकडे जाईल, पासवर्ड समोर येईल आणि त्या पाच सेकंदांत बहुतेक वेळा हात मागे येतो.

हात मात्र रिकामा राहू देऊ नका. दिघा गाव स्टेशन यायच्या आत काय करायचं ते घरूनच ठरलेलं असावं. आदल्या रात्री उतरवलेलं एखादं व्याख्यान, खिशातलं पातळ पुस्तक, किंवा खिडकीबाहेरची खाडी. उभ्याने प्रवास असेल तर ऐकणंच बरं. रात्रीसाठी उपाय एकच लागू पडतो : चार्जर स्वयंपाकघरात आणि गजरासाठी वेगळं घड्याळ. स्क्रीन करडी करण्याचाही उपयोग होतो. अँड्रॉइडमध्ये बेडटाइम मोडमधून, आयफोनमध्ये 'कलर फिल्टर्स'मधून. पण ती जोड आहे, मुख्य औषध नव्हे.

प्रश्न : डब्यात हेडफोन न लावता मोठ्याने व्हिडिओ लावतात. बोललं तर भांडण. — नेरूळ

उत्तर : आवाज त्या माणसाच्या कानाला सवयीचा झालेला असतो, त्रास देण्याचा हेतू क्वचितच असतो. 'बंद करा' म्हणण्याऐवजी 'जरा कमी करता का, फोनवर बोलायचंय' असं कारणासह सांगा. डब्यासमोर जाब विचारल्यासारखं झालं की माणूस हट्टाला पेटतो. तरीही ऐकलं नाही तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार करता येते. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ मध्ये सहप्रवाशांना उपद्रव देण्यासाठी दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. पार्किंग, कुत्री, पाणी, मग राजकारण. परवा खजिनदारांनी देखभाल थकवलेल्यांची नावं रकमेसह टाकली. एका घरात आजारपण आहे, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी काही लिहिलं तर मला पोलीस धरतील का? — वाशी

उत्तर : कायद्याचं आधी. सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्यात अ‍ॅडमिनचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं. अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, हाही त्यातला मुद्दा होता. मात्र २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. अधिकार वाढला तशी अपेक्षाही वाढते. म्हणून घाण दिसली की पुसा, पुसल्याचं एका ओळीत लिहा.

लिहिणाऱ्याची जबाबदारी वेगळी. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्यामागचं प्रकरण आपल्याच भागातलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. मत मांडण्याचं स्वातंत्र्य तिथून भक्कम झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण नाव घेऊन चोर म्हटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी, आजही आहे.

थकबाकीची नावं ताबडतोब काढा. सदस्याला स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायला सुमारे अडीच दिवस मिळतात, ती मुदत गेली असेल तर अ‍ॅडमिन म्हणून तुम्ही पुसा. वसुलीला सरळ रस्ता आहे : आधी लेखी मागणी, मग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडे अर्ज आणि वसुली दाखला. दोनशे लोकांसमोर लाज काढून पैसे येत नाहीत, माणूस सभेला यायचा बंद होतो. खजिनदारांनी त्या घरी स्वतः जावं आणि हप्त्यांची सोय समितीपुढे मांडावी.

ग्रुप शांत करायला त्याचे दोन भाग करा. पहिला सूचनांचा : पाणी कधी जाणार, लिफ्टची दुरुस्ती, सभेची तारीख. त्यात 'सेंड मेसेजेस' फक्त अ‍ॅडमिनना ठेवा, यात सगळे असावेत. दुसरा गप्पांचा, ज्याला हवं तो येईल, नको तो जाईल. ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते, हेही सांगून ठेवा. पुष्कळ जण केवळ संकोचापोटी थांबलेले असतात. तक्रार मात्र दोन्हीकडे नको. ती कार्यालयातल्या वहीत किंवा सोसायटीच्या ईमेलवर जावी, क्रमांक मिळावा, सात दिवसांत उत्तर यावं. ग्रुप पेटतो तो बहुतेकदा उत्तर न मिळाल्यामुळेच.

लोक लिहिताना इतके कडू का होतात याचा अभ्यास झालेला आहे. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये त्याची कारणं मांडली : समोरच्याचा चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, आणि त्याचं बोलणं आपण आपल्याच मनातल्या आवाजात वाचतो. म्हणजे रागात असू तर साधं 'ठीक आहे'ही टोमणा वाटतं. जिन्यात भेटल्यावर 'काय काका, बरं आहे ना' म्हणणारा माणूस रात्री अकराला त्याच काकांना अद्वातद्वा लिहितो, कारण काका त्याला दिसत नसतात. म्हणून रात्री दहा ते सकाळी सात गप्पांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करा. आणि दोघांची तिसरी फेरी झाली की अ‍ॅडमिनने लिहावं, 'हे प्रत्यक्ष बोलू, उद्या सात वाजता कार्यालयात.' चहा ठेवा. वयाने मोठ्यांना आधी बोलू द्या.

प्रश्न : नातीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो सून कुठेच टाकू देत नाही. इतकी काळजी बरी? — आजी, नौपाडा

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागे दिसणारा फलक आणि खाली लिहिलेलं नाव यांतून अनोळखी माणसाला मुलगी कुठे आणि किती वाजता भेटेल ते कळतं. तुम्ही फोटो जरूर ठेवा, बहिणींनाही पाठवा, पण फोटो म्हणूनच पाठवा, 'डॉक्युमेंट' म्हणून नको. साध्या फोटोतून व्हॉट्सअ‍ॅप ठिकाणाची नोंद काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये ती तशीच जाते. स्टेटस ठेवायचं तर त्याच्या प्रायव्हसीत 'ओन्ली शेअर विथ' निवडून चार-सहा माणसंच ठेवा. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत ज्यांचे ज्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत आणि तुमचा त्यांच्याकडे, त्या सगळ्यांना एरवी ते दिसतं. नात जरा मोठी झाली की तिलाच विचारत जा, 'हा ठेवू का गं?'

प्रश्न : मॉलमध्ये मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात. जुना फोन विकताना काय पाहू? — खारघर

उत्तर : नंबर द्यायची सक्ती करता येत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना तशी सूचना दिली आहे. 'छापील बिल द्या' म्हणा आणि शांतपणे उभे राहा. आधीच जाहिराती येत असतील तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ ला पाठवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहून घ्या. आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं.

फोन विकताना क्रम चुकवू नका. आधी बॅकअप. मग यूपीआयच्या अ‍ॅपमधून खातं काढा. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करून चॅट आल्याची खात्री करा. त्यानंतर सेटिंग्जमधून गुगल खातं काढा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलं तर घेणाऱ्याला फोन तुमचाच पासवर्ड मागू शकतो, आणि तो सांगण्याची पाळी तुमच्यावर येते. सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना, हे फोन हातातून सोडण्याआधी पाहा. कार्ड आत विसरलेलं पुष्कळदा सापडतं, आणि रीसेटने त्यातलं काही पुसलं जात नाही.